कोणाच्या वतीने? : मध्यप्रांतातील एका वादाचा इतिहास

रायपूर शहरात समता कॉलोनी नावाची एक वसाहत आहे. 'समता' हा शब्द आता इतका रुळला आहे की वसाहतीच्या, चौकाच्या किंवा शाळेच्या नावात तो आढळला तर कोणी थबकत नाही. मराठी नियतकालिकांच्या अभ्यासकाला मात्र त्या शब्दामागे एक निश्चित तारीख दिसते. २९ जून १९२८ रोजी मुंबईत 'समता' नावाचे पत्र सुरू झाले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर अध्यक्ष असलेल्या समाज समता संघाचे ते मुखपत्र होते, आणि त्याचे संपादक होते देवराव विष्णू नाईक. नाईक जन्माने अस्पृश्य नव्हते. आपल्या वतीने इतरांनी बोलू नये, आपली गाऱ्हाणी आपणच मांडू, असा आग्रह धरून जी चळवळ उभी राहिली, तिच्याच एका पत्राची सूत्रे बाहेरच्या माणसाकडे असावीत, ही वरवर पाहता विसंगती वाटते. ती खरोखर विसंगती होती काय, याचे उत्तर शोधावयाचे तर त्याआधीच्या दहा वर्षांत घडलेला एक वाद नीट समजून घ्यावा लागतो. त्या वादाचा निर्णायक प्रसंग नागपूरला घडला आणि त्याचे पडसाद त्याच प्रांताच्या पूर्व टोकाला, छत्तीसगढात उमटले. त्या काळी रायपूर व नागपूर ही मध्यप्रांत व वऱ्हाड या एकाच प्रांतातील शहरे होती आणि नागपूर ही त्या प्रांताची राजधानी होती.

दलितांचे स्वतःचे बोलणे १९२० च्या सुमारास सुरू झाले, असा एक समज आढळतो. तो बरोबर नाही. १८५५ मध्ये 'ज्ञानोदय' या पत्राच्या फेब्रुवारी व मार्चच्या अंकांत मुक्ता साळवे या चौदा वर्षांच्या मांग मुलीचा, मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध दोन भागांत प्रसिद्ध झाला. ती पुण्यात जोतीराव व सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत शिकत होती. त्यानंतर १८८८ मध्ये सैन्यातून निवृत्त झालेले गोपाळबाबा वलंगकर यांनी 'विटाळ विध्वंसन' हे पुस्तक लिहून वरिष्ठ वर्णांना प्रश्नामागून प्रश्न विचारले. पुण्याच्या शिवराम जानबा कांबळे यांनी १९०८ मध्ये 'सोमवंशीय मित्र' हे मासिक काढले आणि लष्करातील भरतीचा हक्क परत मिळावा म्हणून थेट भारतमंत्र्यांपर्यंत अर्ज नेला. त्यांच्या मासिकात मुरळीच्या प्रथेविरुद्ध स्वतः मुरळी असलेल्या एका स्त्रीचे पत्रही छापले गेले. नागपूरच्या बाजूला किसन फागूजी बनसोडे यांनी स्वतःचा छापखाना घालून पत्रे चालविली.

या नोंदींमध्ये मुक्ता साळवेचे उदाहरण वेगळे उठून दिसते. तिला अक्षरे देणारी शाळा इतरांनी काढली होती आणि तिचा निबंध छापणारे पत्र मिशनऱ्यांचे होते. कार्यकर्ते नसते तर तो निबंध लिहिलाच गेला नसता. परंतु जोतीरावांनी तिच्या दुःखाविषयी स्वतः एक लेख लिहून तो तिच्या नावे पुढे केला नाही. तिचे वाक्य तिच्याच नावाने छापले गेले. मदत आणि प्रतिनिधित्व या दोन गोष्टींतील सीमारेषा येथे फार लवकर, आणि कोणताही गाजावाजा न होता, आखली गेली होती. पुढच्या पिढीतील अनेक थोर माणसांनाही ती तितकी स्पष्ट दिसली नाही.

त्या थोर माणसांत विठ्ठल रामजी शिंदे यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. १८७३ मध्ये जमखंडीला जन्मलेले शिंदे ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात धर्माचा तौलनिक अभ्यास करून १९०३ मध्ये परतले आणि १८ ऑक्टोबर १९०६ रोजी त्यांनी मुंबईत 'डिप्रेस्ड क्लासेस मिशन'ची स्थापना केली. नारायणराव चंदावरकर मिशनचे अध्यक्ष होते, चिटणीस म्हणून सर्व भार शिंदे वाहत होते. शाळा, वसतिगृहे, उद्योगशिक्षण, पुण्यातील अहल्याश्रम असे त्यांचे काम उभे राहिले. शिंदे दुरून उपदेश करणारे सुधारक नव्हते. आई-वडील, बहीण जनाक्का, पत्नी यांच्यासह ते अस्पृश्यांच्या वस्तीजवळ राहिले आणि त्या राहण्याची किंमत त्यांनी स्वजातीत व स्वधर्मीयांत मोजली. अस्पृश्यतेचा शास्त्रीय अभ्यास करणारे ते महाराष्ट्रातील पहिल्या फळीतील विद्वान होते. त्यांच्या त्यागाविषयी शंका घेणे अन्यायाचे होईल. म्हणूनच त्यांच्याशी झालेला मतभेद महत्त्वाचा ठरतो. दांभिक माणसाने दुसऱ्याच्या वतीने बोलू नये, हे कोणालाही पटते. प्रामाणिक आणि झिजलेल्या माणसाने ते बोलावे काय, हा खरा प्रश्न होता.

राजकीय सुधारणांचा काळ जवळ आला तेव्हा हा प्रश्न उघड्यावर आला. ऑगस्ट १९१७ मध्ये माँटेग्यू यांची घोषणा झाली आणि कायदेमंडळांत कोणाला किती जागा मिळणार याची चर्चा सुरू झाली. त्या नोव्हेंबर महिन्यात मुंबईत, सुमारे आठवड्याच्या अंतराने, अस्पृश्यांच्या नावाने दोन सभा झाल्या. पहिली चंदावरकरांच्या अध्यक्षतेखाली भरली आणि तिने काँग्रेस-लीग योजनेला पाठिंबा दिला. दुसरी ब्राह्मणेतर पक्षाचे नेते बापूजी नामदेव बागडे यांच्या अध्यक्षतेखाली भरली. तिने त्या योजनेला विरोध करून, अस्पृश्यांना आपले प्रतिनिधी आपणच निवडण्याचा हक्क असावा अशी मागणी केली. एकाच समाजाचे, एकाच शहरातील, एकाच महिन्यातील हे दोन परस्परविरोधी 'मत' होते. कोणते खरे, हे ठरविण्याचे कोणतेही साधन त्या वेळी उपलब्ध नव्हते. कारण ज्यांचे ते मत होते त्यांना मतच नव्हते.

जानेवारी १९१९ मध्ये मताधिकाराचा विचार करणाऱ्या साउथबरो समितीपुढे अस्पृश्यांच्या प्रश्नावर शिंदे आणि सत्तावीस वर्षांचे प्राध्यापक भीमराव आंबेडकर या दोघांच्या साक्षी झाल्या. आंबेडकरांनी समितीला दिलेले निवेदन केवळ जागांची संख्या मागणारे नव्हते. प्रतिनिधित्वाचा हक्क आणि राज्यकारभारात अधिकारपद धारण करण्याचा हक्क हे नागरिकत्वाचे दोन मुख्य घटक आहेत, अशी त्यांची मांडणी होती. अस्पृश्यांचे हितसंबंध इतर कोणाच्याही हितसंबंधांत मिसळून जात नाहीत, आणि ते जाणणारी माणसे त्यांच्यातूनच यावी लागतात, असे त्यांनी दाखविले. त्याच महिन्यात त्यांनी 'टाइम्स ऑफ इंडिया'त एक पत्र लिहिले आणि त्याखाली 'एक महार' अशी सही केली. कोलंबिया विद्यापीठात शिकलेल्या माणसाने पदवी बाजूला ठेवून केलेली ही सही अर्थपूर्ण होती. बोलण्याचा अधिकार विद्वत्तेतून येत नाही, तो ज्या ठिकाणी आपण उभे आहोत त्या ठिकाणातून येतो, असे तिचे सांगणे होते.

३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' निघाले. शाहू महाराजांनी त्यासाठी अडीच हजार रुपये दिले. आंबेडकर त्या वेळी सरकारी महाविद्यालयात नोकरीस असल्यामुळे संपादक म्हणून पांडुरंग नंदराम भटकर यांचे नाव होते. दोन महिने होण्याच्या आत, २१ व २२ मार्चला, कोल्हापूर संस्थानातील माणगाव येथे परिषद झाली. तेथे शाहू महाराजांनी जमलेल्या लोकांना सांगितले की तुम्हाला तुमचा पुढारी तुमच्यातूनच मिळाला आहे. एका छत्रपतीने असे म्हणणे याचा अर्थ केवळ एका तरुणाची स्तुती असा नाही. त्यांच्या संस्थानात अस्पृश्यांसाठी वसतिगृहे, नोकऱ्या, शाळा सारे त्यांनी केले होते. तेव्हा 'तुमचा पुढारी मीच' असे त्यांनी म्हटले असते तरी समोरच्या माणसांनी टाळ्याच वाजविल्या असत्या. आपल्या हातातील जागा त्यांनी आपण होऊन रिकामी केली.

या पार्श्वभूमीवर ३० मे ते १ जून १९२० या दिवसांत नागपूरला अखिल भारतीय बहिष्कृत समाज परिषद भरली. अध्यक्षस्थानी शाहू महाराज होते. डिप्रेस्ड क्लासेस मिशनने सरकारकडे जी भूमिका मांडली होती तिचा सारांश असा होता : अस्पृश्यांचे प्रतिनिधी सरकारने नेमू नयेत, अस्पृश्यांच्या संस्थांनीही निवडू नयेत, कायदेमंडळातील निवडून आलेल्या सभासदांनी त्यांची निवड करावी. मध्यप्रांत-वऱ्हाडातील अस्पृश्यांचे वजनदार पुढारी गणेश आकाजी गवई हे मिशनच्या बाजूचे होते. त्यामुळे मिशनविरुद्ध ठराव होणे सोपे नव्हते. तरीही आंबेडकरांच्या आग्रहाने मिशनच्या या भूमिकेचा निषेध परिषदेने नोंदविला.

मिशनच्या भूमिकेला एक तर्क होता, हे मान्य केले पाहिजे. सरकारने नेमलेला माणूस सरकारचा होतो, ही भीती खोटी नव्हती. पुढील काळात नेमलेल्या सभासदांविषयी हीच तक्रार वारंवार झाली. राष्ट्रीय वृत्तीच्या शिंद्यांना परक्या सत्तेच्या मेहेरबानीवर अवलंबून असलेला प्रतिनिधी नको होता. परंतु या तर्काने निवड ज्यांच्या हाती सोपविली ते सभासद कोण होते? मालमत्ता व शिक्षण यांच्या कसोटीवर मताधिकार मिळालेल्यांनी निवडलेली ती वरिष्ठ जातींची माणसे होती. म्हणजे ज्यांच्याविरुद्ध गाऱ्हाणे मांडावयाचे त्यांनीच गाऱ्हाणे मांडणारा निवडावयाचा. वादी कोणत्या वकिलामार्फत बोलेल, हे प्रतिवादीने ठरवावे, अशातला हा प्रकार होता. मिशनच्या हेतूत दोष नव्हता, योजनेत होता. आणि चांगल्या हेतूमुळे तो दोष मिशनच्या चालकांना दिसला नसावा. चौदा वर्षे ज्यांच्यासाठी आपण राबलो त्यांचे हित कशात आहे हे आपल्याला ठाऊक आहे, अशी खात्री राबणाऱ्याच्या मनात नकळत वाढते.

नागपूरचा ठराव म्हणजे कृतघ्नता होय, असे त्या वेळी काहींना वाटले असल्यास नवल नाही. पुढे १९२३ मध्ये शिंदे मिशनच्या कार्यातून बाजूला झाले आणि आयुष्याच्या उत्तरार्धात एकाकी पडले. त्यांच्या 'माझ्या आठवणी व अनुभव' या आत्मचरित्राच्या वाचकाला त्या एकाकीपणाची जाणीव होते. पण उपकार आणि प्रतिनिधित्व यांची सांगड घालणे हीच मुळात चूक आहे. शाळा काढली म्हणून त्या शाळेतील विद्यार्थ्याचे मत संस्थापकाच्या मालकीचे होत नाही. नागपूरच्या परिषदेने मिशनच्या शाळा नाकारल्या नाहीत, तिने केवळ मिशनचे वकीलपत्र काढून घेतले. आपल्या वतीने बोलणाऱ्याला बदलता येणे, हा स्वतः बोलण्याचाच एक प्रकार आहे, आणि मराठी भाषक समाजात तो इतक्या स्पष्टपणे प्रथमच नागपूरला घडला.

नागपूरहून पूर्वेला छत्तीसगढात हाच प्रश्न वेगळ्या रूपात उभा होता. तेथील सतनामी समाज स्वतःच्या आवाजाला पारखा नव्हता. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात गिरोदपुरीच्या गुरू घासीदासांनी सतनामाचा पंथ दिला होता. गुरूंची गादी, पांढरे निशाण फडकणारा जैतखाम, पंथी गीते-नृत्ये यांतून हा समाज आपले म्हणणे शतकभर मांडत आला होता. पण सरकारदरबारी अर्ज, निवेदन, शिष्टमंडळ यांची भाषा चालत होती. ती भाषा अवगत असलेली माणसे बाहेरची होती. १९२० नंतरच्या पाच-सहा वर्षांत सतनामी महासभा उभी राहिली तेव्हा महंत नैनदास, अंजोरदास यांच्यासारख्या सतनामी पुढाऱ्यांबरोबर राजिम परिसरातील ब्राह्मण कार्यकर्ते व छत्तीसगढी कवी सुंदरलाल शर्मा आणि, विशेष लक्षणीय म्हणजे, नागपूर परिषदेच्या वेळी मिशनच्या बाजूला असलेले तेच गणेश आकाजी गवई होते. पुढे महासभेला येऊन मिळाले बाबा रामचंद्र. अवधच्या किसान आंदोलनाचे नेते म्हणून ते इतिहासात प्रसिद्ध आहेत. त्यांचे मूळ नाव श्रीधर बळवंत जोधपूरकर होते, जन्माने ते मराठी ब्राह्मण होते आणि तरुणपणी फिजीत गिरमिटिया मजूर म्हणून राबून आलेले होते.

महासभेच्या प्रयत्नांना १९२६ मध्ये एक मोठे फळ मिळाले. सरकारी कागदपत्रांत या लोकांची नोंद अपमानकारक जातिनामाने न करता 'सतनामी' या नावाने व्हावी, ही मागणी मध्यप्रांत सरकारने मान्य केली. आपले नाव आपण सांगावे आणि ते राज्याने लिहून घ्यावे, यापेक्षा मूलभूत असे आत्मकथन दुसरे नाही. हे यश इतरांच्या मदतीने मिळाले, पण मागणी समाजाची होती आणि नाव गुरूने दिलेले होते. येथवर बाहेरच्या माणसांचे काम लेखनिकाचे होते आणि त्यांनी ते चोख केले.

त्याच महासभेची दुसरी बाजूही इतिहासकारांनी नोंदवून ठेवली आहे. सौरभ दुबे यांच्या अभ्यासातून दिसते की महासभेच्या सुधारणांत कायद्याच्या आणि वरिष्ठ हिंदूंच्या आचाराच्या कल्पना मिसळल्या गेल्या. बाबा रामचंद्रांनी लिहिलेल्या नियमांत समाज कसा वागावा हे सांगितलेले होते, आणि त्याचा मोठा भाग स्त्रियांच्या विवाहाविषयी होता. छत्तीसगढात 'चूडी' नावाने ओळखली जाणारी पुनर्विवाहाची रीत सतनामी स्त्रीला दुसरा संसार मांडण्याची वाट देत असे. सुधारकी दृष्टीला ती अशिष्ट वाटली. अर्ज लिहून देणारा हात असा हळूहळू नियम लिहू लागतो. दुसऱ्याच्या वतीने बोलणारा आपल्या मनातील सभ्य माणसाचे चित्र बरोबर घेऊन येतो, आणि ज्यांच्यासाठी तो बोलतो त्यांना त्या चित्रात बसविण्याचा मोह त्याला आवरत नाही. फिजीच्या उसाच्या मळ्यात स्वतः गुलामीचा अनुभव घेतलेल्या माणसालाही तो आवरला नाही.

छत्तीसगढचा हा अनुभव लक्षात घेतला म्हणजे महाराष्ट्रातील त्याच वर्षांच्या घटनांचा अर्थ अधिक उलगडतो. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळात सीताराम केशव बोले यांच्या ठरावाने सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना खुल्या झाल्या. महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचा ठरावही केला. बोले भंडारी समाजाचे, अस्पृश्यांचे खरे मित्र. त्यांच्या ठरावात काही उणे नव्हते. तरी २० मार्च १९२७ पर्यंत तळ्याचे पाणी अस्पृश्यांच्या ओंजळीत आले नाही. त्या दिवशी हजारो माणसे स्वतः तळ्यावर गेली आणि कागदावरचा हक्क प्रत्यक्षात उतरला. मित्राने मिळवून दिलेला हक्क आणि स्वतः बजावलेला हक्क यांतील अंतर पावणेचार वर्षांचे होते.

महाडच्या लढ्यात बाहेरची माणसे नव्हती असे मात्र नाही. सुरेंद्रनाथ टिपणीस नगरपालिकेचे अध्यक्ष या नात्याने पाठीशी उभे राहिले. डिसेंबर १९२७ मध्ये मनुस्मृतिदहनाचा ठराव मांडला तो गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे यांनी. केशवराव जेधे व दिनकरराव जवळकर यांनी सत्याग्रहाला पाठिंबा देताना ब्राह्मणांना त्यातून दूर ठेवावे अशी अट घातली, ती आंबेडकरांनी मानली नाही. येथे देवराव नाईकांच्या संपादकपदाचा उलगडा होतो. आक्षेप बोलणाऱ्याच्या जन्मावर नव्हता. धोरण कोण ठरवितो आणि चुकल्यास कोणाला उत्तर द्यावे लागते, एवढाच प्रश्न होता. सहस्रबुद्धे, टिपणीस, नाईक हे चळवळीचे पालक नव्हते, कार्यकर्ते होते. चळवळीने नेमलेले आणि चळवळीला बांधलेले. संपादकपदी नाईक असताना त्या पत्राचे धोरण वाचकांच्या समाजाने निवडलेल्या नेतृत्वाच्या हाती होते. मिशनच्या रचनेत याच्या उलट स्थिती होती.

१९३२ मध्ये नागपूरचा प्रश्न अखिल भारतीय पातळीवर पुन्हा उभा राहिला. त्याआधी १९३१ च्या दुसऱ्या गोलमेज परिषदेत अस्पृश्यांचे खरे प्रतिनिधी कोण, यावरून महात्मा गांधी आणि डॉ. आंबेडकर यांच्यात जाहीर खटका उडाला होता. दरम्यान मद्रासचे एम. सी. राजा आणि नागपूरचे डॉ. बा. शि. मुंजे यांच्यात संयुक्त मतदारसंघाचा करार झाला, आणि गवई राजांच्या बाजूला राहिले. राजा आणि गवई दोघेही जन्माने अस्पृश्य होते. म्हणजे 'आम्ही आमच्या वतीने बोलतो' असे म्हणणारेही एकमुखी नव्हते. जन्म एवढीच कसोटी लावली तर हा पेच सुटत नाही. समाजातील कोणता आवाज समाजाचा, हे समाजाच्या मतदानानेच ठरू शकते, आणि मतदारांची रचना कशी असावी हाच तर वाद होता.

गांधीजींच्या येरवड्यातील उपोषणाच्या काळात २४ सप्टेंबर १९३२ रोजी पुणे करार झाला. जातीय निवाड्याने प्रांतिक कायदेमंडळांत दिलेल्या ७१ जागांऐवजी १४८ राखीव जागा मिळाल्या. त्यांपैकी २० मध्यप्रांताच्या वाट्याला आल्या. मात्र स्वतंत्र मतदारसंघ गेले. प्रत्येक राखीव जागेसाठी अस्पृश्य मतदारांनी चार उमेदवार निवडावयाचे आणि त्या चारांतून एकाची निवड संयुक्त मतदारसंघाने करावयाची, अशी व्यवस्था ठरली. १९२० मध्ये नागपूरने विचारलेल्या प्रश्नाचे हे अर्धे उत्तर होते. उमेदवार कोण हे अस्पृश्य सांगणार, पण निवडून कोण येणार हे इतरांच्या बहुमतावर अवलंबून राहणार. संविधानाने पुढे प्राथमिक निवडणूक ठेवली नाही; राखीव जागा आणि संयुक्त मतदारसंघ ही पद्धत आजतागायत चालू आहे. ज्या मतदारसंघात आपण अल्पसंख्य आहोत तेथे निवडून आलेला आपलाच माणूस प्रथम कोणाचे ऐकतो, ही शंका १९२० इतकीच जिवंत आहे.

कराराबरोबरच अस्पृश्यतानिवारणाची जी अखिल भारतीय संस्था निघाली ती लवकरच हरिजन सेवक संघ या नावाने ओळखली जाऊ लागली. आरंभी तिच्या मध्यवर्ती मंडळावर आंबेडकरही होते. संघाने अस्पृश्य कार्यकर्त्यांना कामात घ्यावे आणि नागरी हक्कांसाठी झगडावे, असे त्यांनी सुचविले. गांधीजींची धारणा अशी होती की संघ ही सवर्णांच्या प्रायश्चित्ताची संस्था आहे, ऋणकोनेच ऋण फेडावयाचे आहे, म्हणून तिचा कारभारही सवर्णांनीच पाहावा. आंबेडकर लौकरच बाहेर पडले. या भूमिकेला नैतिक उंची आहे, हे नाकारता येत नाही. पण प्रायश्चित्ताच्या केंद्रस्थानी प्रायश्चित्त घेणारा असतो. ज्याच्यावर अन्याय झाला तो त्या विधीचा साक्षीदार ठरतो. नोव्हेंबर १९३३ मध्ये हरिजन दौऱ्यात गांधीजी रायपूरला आले. सुंदरलाल शर्मांच्या कार्याचा तेव्हा गौरव झाला, आणि तो यथायोग्यच होता. मात्र त्या गौरवाच्या भाषेत सतनामी हे सेवेचे विषय होते. त्याच समाजातील मिनीमाता १९५५ च्या पोटनिवडणुकीत लोकसभेवर निवडून आल्या आणि १९७२ मध्ये विमान अपघातात मृत्यू येईपर्यंत तेथे आपल्या समाजाच्या वतीने बोलत राहिल्या. सेवेचा विषय ते संसदेचा सभासद हे अंतर छत्तीसगढने दोन दशकांत कापले.

स्वतः बोलण्याचा हक्क एकदा मिळविला म्हणजे तो सर्वांना सारखा मिळतो असेही नाही. डिसेंबर १९३७ मध्ये अखिल भारतीय महिला परिषदेचे अधिवेशन नागपूरला भरले. सर्व स्त्रियांच्या वतीने बोलणाऱ्या या परिषदेत, नागपुरात अस्पृश्य मुलींची शाळा चालविणाऱ्या जाईबाई चौधरी यांना जेवणाच्या वेळी वेगळे बसविण्यात आले. दलित स्त्रियांनी त्याचा जाहीर निषेध केला. २० जुलै १९४२ रोजी त्याच शहरात सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली दलित महिलांची अखिल भारतीय परिषद झाली. तिने घटस्फोटाचा हक्क, बहुपत्नीकत्वाला बंदी, गिरणी कामगार स्त्रियांच्या सोयी, स्त्रियांवर देखरेखीसाठी स्त्रियाच नेमणे, कायदेमंडळांत प्रतिनिधित्व अशा मागण्या केल्या. यांतील पहिल्या दोन मागण्यांचा रोख घरातील पुरुषांकडेही होता. सतनामी स्त्रीच्या विवाहाचे नियम पुरुषांच्या महासभेने लिहिल्याला तेव्हा वीस वर्षेही झाली नव्हती. नागपूरच्या स्त्रियांनी आपले नियम आपण सुचविले. हा सारा इतिहास ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी १९८९ मध्ये ग्रंथरूपाने सिद्ध केला. त्याचे नाव 'आम्हीही इतिहास घडवला' असे आहे. त्यातील 'ही' हे अव्यय सवर्ण स्त्रियांना उद्देशून आहे तसेच दलित पुरुषांनाही. १९९५ मध्ये गोपाळ गुरू यांनी दलित स्त्रिया वेगळे का बोलतात याची सैद्धांतिक मांडणी केली आणि शर्मिला रेगे यांनी तिला प्रतिसाद देत, ही जबाबदारी दलितेतर स्त्रीवाद्यांना टाळता येणार नाही, असे म्हटले. त्या चर्चेचे एक मूळ १९३७ च्या नागपुरात आहे.

मराठी साहित्याने हाच प्रवास आपल्या पद्धतीने केला. श्रीपाद महादेव माटे यांनी पुण्यात अनेक वर्षे अस्पृश्यांच्या रात्रशाळा चालविल्या आणि त्यासाठी 'महार माटे' ही हेटाळणी सोसली. त्यांच्या 'उपेक्षितांचे अंतरंग' (१९४१) या संग्रहाने मराठी कथेत तोवर नसलेली माणसे आणली. त्या कथांतील कणव अस्सल आहे. पण शीर्षकातच दृष्टिकोन आहे. उपेक्षा करणारा आणि उपेक्षेची खंत बाळगणारा, दोघेही बाहेर उभे आहेत आणि अंतरंग त्यांना दाखवावयाचे आहे. बाबूराव बागूल यांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' (१९६३) हा संग्रह आला तेव्हा शीर्षकात 'मी' आला. पुढे दया पवार यांचे 'बलुतं' (१९७८), प्र. ई. सोनकांबळे यांचे 'आठवणींचे पक्षी' (१९७९), लक्ष्मण माने यांचे 'उपरा' (१९८०), नागपूरच्या कुमुद पावडे यांचे 'अंतःस्फोट' (१९८१) ही आत्मकथने आली. त्यांनी मराठी वाचकाला जे सांगितले ते सहानुभूतीच्या कथेला सांगता आले नव्हते. सहानुभूतीची कथा नायकाला सहसा निर्मळ ठेवते. आत्मकथनाने स्वतःच्या वस्तीतील व्यसन, भय, लाज, स्त्रीवरील मारहाण आणि शिकलेल्याचा पळपुटेपणाही मांडला. स्वतःविषयी कठोर होण्याचे स्वातंत्र्य स्वतः बोलणाऱ्यालाच असते. वकिलाला आपल्या अशिलाचे दोष सांगता येत नाहीत.

फलटणच्या बेबीताई कांबळे यांचे 'जिणं आमुचं' (१९८६) या संदर्भात विशेष विचारात घेण्याजोगे आहे. त्यांनी आपले लेखन वर्षानुवर्षे घरच्यांपासून लपवून ठेवले. फलटणला स्थायिक झालेल्या अभ्यासक मॅक्सीन बर्नसन यांच्या प्रोत्साहनाने ते उजेडात आले आणि प्रथम 'स्त्री' मासिकात क्रमशः प्रसिद्ध झाले. मुक्ता साळवेच्या निबंधानंतर सव्वाशे वर्षांनी पुन्हा तेच घडले. बाहेरच्या व्यक्तीने दार उघडले आणि ती दारातून बाजूला झाली. आत जे होते ते घरच्या माणसाने, घरच्या बोलीत सांगितले.

आंबेडकरी पत्रांच्या नावांकडे या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. १९२० मध्ये 'मूकनायक', १९२७ मध्ये 'बहिष्कृत भारत', १९२८ मध्ये 'समता', १९३० मध्ये 'जनता', १९५६ मध्ये 'प्रबुद्ध भारत'. पहिल्या नावात मुके लोक आणि त्यांचा नायक असे दोन पक्ष आहेत. नंतरच्या नावांतून नायक हा शब्द नाहीसा झाला. मुक्यांसाठी बोलणाऱ्याने एक दिवस आपले पद अनावश्यक ठरावे अशी तजवीज करावी, असा संकेत या नावांच्या क्रमातून मिळतो. या कसोटीवर शाहू महाराज माणगावला उतरले. शिंद्यांचे मिशन नागपूरला उतरले नाही, जरी स्वतः शिंद्यांचे जीवन त्या मिशनच्या राजकीय भूमिकेपेक्षा कितीतरी मोठे होते.

कार्यकर्त्याविना कोणतीही चळवळ उभी राहिलेली नाही, आणि सर्वांनी सर्व वेळी स्वतःच बोलावे ही अपेक्षा अव्यवहार्य आहे. ज्याला दिवसाची मजुरी बुडवून कचेरीत जावे लागते त्याच्या अर्जाला लेखनिक लागतो, खटल्याला वकील लागतो. प्रश्न लेखनिक असावा की नसावा असा नाही. लिहून झाल्यावर अर्ज वाचून दाखविला जातो काय, त्यात खाडाखोड करण्याचा अधिकार अर्जदाराकडे राहतो काय, आणि लेखनिक बदलता येतो काय, हे तीन प्रश्न विचारावे लागतात. १९२० च्या उन्हाळ्यात नागपूरला जमलेल्या माणसांनी यांतील तिसरा प्रश्न विचारला आणि त्याचे उत्तरही दिले. सतनामी महासभेचे नियम ज्यांना लागू होणार होते त्या स्त्रियांना पहिले दोन प्रश्न विचारण्याची संधी मिळाली नाही. समतेचे मोजमाप करावयाचे तर ते या दोन घटनांमधील अंतराने करावे लागेल.